रोज किल्ली द्यावी लागणारं घड्याळ

तो दारातून आत आला तेव्हा त्याच्या हातात काय आहे ते कुणालाच कळेना. पांढऱ्या टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरलेलं, आणि चाल अशी जपून, की आत तान्हं बाळ झोपलं असावं. संग्रहालयाचे पहारेकरी मामा तर चटकन स्टुलावरून उठून उभेच राहिले.

"मुलांचं शिबिर पुढच्या आठवड्यात सुरू होतंय हो," ते अगदी हळू आवाजात म्हणाले. "आणि एवढ्या लहान मुलांना घेत नाहीत."

"घड्याळ आहे," तो म्हणाला.

समोरच्या टेबलाशी बसलेली ती फिस्सकन हसली. हसू नये तिथे हसायची तिची खोड जुनीच होती. घाबरली तरी हसायची, आनंद झाला तरी हसायची. याच नोकरीच्या मुलाखतीत "तुम्हाला इथे का यायचंय?" या प्रश्नावर ती आधी हसली होती आणि मग उत्तर दिलं होतं. तरी संग्रहालय चालवणाऱ्या थोरल्या मॅडमनी तिला घेतलं. तेव्हापासून ती इथली धाकटी मॅडम.

उन्हाळ्याची सगळी धावपळ धाकट्या मॅडमच्या गळ्यात असायची. सुट्टीतली शिबिरं, मातीकाम, गोष्टींच्या सकाळी, आणि यंदा प्रदर्शन – 'हे आमच्या घरातलं'. लोकांनी आपल्या घरातली एखादी जुनी वस्तू आणून द्यायची, संग्रहालयाने ती उन्हाळाभर मांडायची आणि मग जशीच्या तशी परत करायची. आतापर्यंत एक शिवणयंत्र आलं होतं, कुणाच्या आजोबांची काठी आली होती, आणि इस्त्र्या तर इतक्या आल्या होत्या की मामा म्हणायला लागले होते, "धोबीघाटच काढू आता."

त्याने टॉवेल उलगडला. लाकडी पेटीतलं, लंबकाचं, भिंतीवरचं घड्याळ. तबकडी जराशी पिवळी पडलेली, पण काच लख्ख.

"आजीच्या खोलीतलं," तो म्हणाला. "चालू आहे बरं का. नुसतं शोभेचं नाही."

तिने हातमोजे चढवले, पेटीचं दार उघडून आत पाहिलं. नाक अगदी तबकडीला टेकेल इतकी वाकली.

"तुम्ही एवढ्या जवळून बघता?" त्याने विचारलं.

"का?"

"माझं चष्म्याचं दुकान आहे. डोळे तपासून घ्या एकदा. फुकट तपासतो."

"माझे डोळे उत्तम आहेत. तुमच्या घड्याळावरची धूळसुद्धा दिसतेय मला."

"धूळ?" तो दचकलाच. "सकाळीच पुसलंय मी!"

ती पुन्हा हसली. या वेळी तोही हसला, आणि हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडली – डाव्या. ती उगाचच टेबलावरच्या, वस्तू देणाऱ्याने भरायच्या अर्जाकडे बघायला लागली.

"एक अडचण आहे," तो म्हणाला. मग थांबला. खिडकीकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं, आणि घाईघाईने बोलून टाकलं, "याला… रोज किल्ली द्यावी लागते. आणि ती मीच देतो. दुसऱ्या कुणाचा हात चालत नाही त्याला."

आता, संग्रहालयाच्या गोदामात असंच एक घड्याळ होतं. मामा त्याला दर सोमवारी किल्ली द्यायचे, की पुढच्या सोमवारपर्यंत काळजी नाही. हे घड्याळ त्याच जातीचं आहे, एकदा किल्ली दिली की आठवडाभर चालतं, हे तिला पेटीचं दार उघडताक्षणीच कळलं होतं. तिने सांगायला तोंड उघडलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तिने तोंड मिटलं.

"मग रोज यावं लागेल तुम्हाला," ती गंभीरपणे म्हणाली. "इथल्या वस्तूला हातमोज्यांशिवाय हात लावायचा नाही, आणि आमच्यापैकी कुणीतरी शेजारी असल्याशिवाय तर नाहीच. म्हणजे संग्रहालय उघडायच्या आधी. चालेल?"

"येईन की!" तो म्हणाला. जरा जास्तच पटकन म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती घरातून इतक्या लवकर निघाली की आईचा चहाचा कप हातातच राहिला. "आज सूर्य पश्चिमेला उगवलाय का गं?"

"काम आहे, आई."

"काम कालही होतं," आई म्हणाली.

तर असा तो उन्हाळा सुरू झाला. सकाळी दालनात कुणी नसायचं. झडपांमधून उन्हाच्या पट्ट्या फरशीवर पडलेल्या असायच्या, आणि लंबकाचा आवाज तेवढा चालू असायचा. तो यायचा, बाहेर पायपुसण्यावर बूट दोनदोनदा घासायचा. ती त्याला हातमोजे द्यायची. ते त्याला घट्ट व्हायचे. मग तो बोटं एकेक करून आत सारायचा, आणि ती न बघितल्यासारखं करत बघायची.

किल्ली द्यायला खरं तर काहीच वेळ लागत नसे. आदल्या दिवशीच भरलेली स्प्रिंग ती. किल्ली जेमतेम एकदोन वळसे फिरायची की अडायची. पण तो हात फिरवतच राहायचा – नुसताच, हवेत – आणि तोंडाने हळूच आवाज काढायचा. कर्र… कर्र… कर्र…

पहिल्यांदा तिने तो आवाज ऐकला तेव्हा ती ओठ दाताखाली दाबून चक्क भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"शिंक येत होती."

"आली का?"

"गेली."

किल्ली झाली की गप्पा. त्याने सांगितलं, लोक चष्म्याची फ्रेम निवडताना आरशात न बघता बायकोच्या चेहऱ्याकडे बघतात. तिने सांगितलं, शिबिरातल्या मुलींनी मातीचा हत्ती केला, तो वाळल्यावर उंदराएवढा झाला आणि मग तोच उंदीर म्हणून मांडला. तो इतका हसला की मामा दारातून डोकावले. एकदा तिच्या कपाळावर मातीचा डाग राहिला होता. त्याने हात उचलला, मग हातात हातमोजा आहे हे त्याच्या लक्षात आलं, आणि तो हात तसाच खाली गेला.

"इथे… काहीतरी लागलंय," तो स्वतःच्या कपाळाकडे बोट दाखवत म्हणाला.

तिने दिवसभर आरशात पाहिलं. डाग कधीच गेला होता, पण ती आपली बघतच होती. प्रेमात पडलो आहोत हे तिला त्याच दिवशी कळलं. मग भीतीही वाटायला लागली. त्याच्या मनात तेच आहे हे दिसत होतं, पण तो बोलत नव्हता. आणि तो बोलला नाही, तर उन्हाळा संपल्यावर घड्याळ टॉवेलमध्ये गुंडाळून घरी जाणार आणि हाही त्याच्या मागे जाणार.

मग आला 'दुरुस्तीचा रविवार'. कल्पना तिचीच होती. लोकांनी मोडक्या वस्तू घेऊन यायचं आणि गावातल्या कारागिरांनी त्या सगळ्यांसमोर नीट करून दाखवायच्या. अंगण माणसांनी भरून गेलं. छत्र्या आल्या, पंखे आले, पाय मोडलेल्या खुर्च्या आल्या. बाजारपेठेतले म्हातारे घड्याळजी आले होते. हातातलं काम आटोपल्यावर ते प्रदर्शन बघायला दालनात शिरले, आणि त्यांच्या मागोमाग अर्धी गर्दी.

"वा!" ते घड्याळासमोर थांबून म्हणाले. "काय ठेवलंय! याला किल्ली कोण देतं?"

तो तिथेच उभा होता. रविवारीही आला होता. हातात हातमोजे तसेच.

"हे काय, हे साहेब!" मामा मोठ्या कौतुकाने पुढे झाले. "रोज येतात. एक दिवस चुकवत नाहीत."

"रोज?" घड्याळजींनी चष्मा कपाळावर सरकवला. "रोज कशाला? आठ दिवसांचं घड्याळ आहे हे. आठवड्याला एकदा पुरे की!"

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तो मात्र तिच्याकडे बघत होता. आणि ती – घाबरली. आता सगळं उघडं पडणार, त्याचंही आणि आपलंही, या विचारासरशी ती हसली. चांगली खळखळून हसली. ती हसली म्हणून लोकही हसले.

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने एकेक बोट सोडवत हातमोजे काढले, स्टुलावर ठेवले, आणि गर्दीतून वाट काढत निघून गेला.

"माझ्या तोंडाला मेलं कुलूप नाही," मामा पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. ती मात्र लवकर येत राहिली. अर्जावर त्याचा नंबर होता. तिने फोन उचलला, ठेवला, परत उचलला. काय सांगणार? मी तुम्हाला हसले नाही? भर गर्दीत तोंडावर हसले होते की! मामा म्हणाले, "मी देऊ का किल्ली?" तिने मान हलवली. ती फक्त त्याने द्यायची असं ठरलं होतं, आणि ठरलेलं मोडायचं तिच्या जिवावर आलं.

आठवडा भरत आला तसा लंबक दमल्यासारखा हलायला लागला. मग एका दुपारी, शिबिरातली मुलं रंगकामात दंग असताना, तो थांबला. दालन इतकं शांत झालं की तिचे डोळे भरून आले. ब्रश धुवायच्या निमित्ताने ती नळाशी जाऊन उभी राहिली.

त्याच संध्याकाळी एक बाई आल्या. ठसठशीत आवाज, हातात पांढरा टॉवेल.

"मी चष्मेवाल्याची थोरली बहीण. घड्याळ न्यायला आलेय."

ती चटकन पुढे झाली. "प्रदर्शन अजून संपलं नाही, ताई."

"ठेवायचं नाही म्हणतो तो. का, ते सांगत नाही."

"पण… ज्याने दिलं त्यालाच परत मिळतं," ती म्हणाली. नियम खराच होता, पण आजवर तो कधी तिला इतका प्यारा वाटला नव्हता. "त्यांना स्वतः यावं लागेल."

ताईंनी तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "त्या हातमोजेवाल्या मॅडम तुम्हीच का?"

"…हो."

"अस्सं!" ताई टेकल्याच खुर्चीवर. "तरीच म्हटलं. बाई गं, त्याचं डोकं ठिकाणावर नाही. काल दुकानात आलेल्या एका आजोबांचा चष्मा आजींना दिला आणि आजींचा आजोबांना. दोघं भांडतच दुकानात परत आले. उद्या आणते त्याला. कान धरून आणते."

आणि आणलंच. सकाळी, संग्रहालय उघडायच्या आधी. ताई मामांबरोबर बाहेर चहा घेत बसल्या, आणि तो एकटाच आत आला. दाढी वाढलेली, नजर फरशीवर.

"कुठे सही करायची?" त्याने विचारलं.

"तू होतास कुठे इतके दिवस?"

तिला 'तुम्ही' म्हणायचं होतं. तोंडून भलतंच गेलं. त्याने मान वर केली.

"मी… घड्याळाबद्दल खोटं बोललो," तो म्हणाला. "घरी आम्ही रविवारीच किल्ली देतो. त्या दिवशी तुम्ही टेबलाशी हसलात ना, तेव्हा मला पुन्हा यायला काहीतरी कारण हवं होतं. सुचलं ते बोललो. मग रोज वाटायचं, आज खरं सांगून टाकू… आणि रोज वाटायचं, सांगितलं की येणं बंद. तुम्हाला हसू आलं, त्यात तुमचं काही चुकलं नाही. मूर्खासारखाच वागलो मी."

"मला माहीत होतं."

"काय?"

"आठ दिवसांचं आहे ते. पहिल्या दिवशीच कळलं होतं मला. दार उघडलं तेव्हाच."

त्याने घड्याळाकडे पाहिलं. "मग – ते कर्र कर्र –"

"तेसुद्धा." तिला हसू फुटत होतं आणि रडूही. "रोज ऐकलंय. फार वाईट काढतोस आवाज."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर आठवड्यातून एकदाच आला असतास!" ती म्हणाली. "मी त्या दिवशी तुला नाही रे हसले. घाबरले होते. वाटलं, आता सगळ्यांना कळणार की संग्रहालयाची मॅडमच या लबाडीत सामील आहे. लबाडी तुझी एकट्याची नव्हती. मी तर त्यासाठी रोज पहाटे उठत होते. आईला विचार."

त्याने भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटून इतका लांब श्वास सोडला, की कितीतरी दिवस तो छातीत कोंडून ठेवला असावा. मग त्याच्या गालाला हळूच खळी पडली.

"मला तू खूप आवडतेस," तो डोळे न उघडताच म्हणाला. "हे तरी माहीत होतं का?"

"अंदाज होता." ती म्हणाली. "पण ऐकल्यावर बरं वाटलं. खूप बरं वाटलं."

बाहेरून ताईंचा आवाज आला, "काय रे, न्यायचंय का घड्याळ? टॉवेल आणू?"

"नको!" दोघं एकदमच ओरडले. बाहेर मामा खोकले, आणि ताईंनी त्यांच्याकडे आणखी एक कप चहा मागितला.

तिने हातमोजे पुढे केले. त्याने ते घातले, किल्ली लावली आणि फिरवली. या वेळी स्प्रिंग खरोखर रिकामी होती. घड्याळानेच कर्र कर्र केलं, चांगलं पोटभर. त्याने लंबकाला बोटाने हलकासा धक्का दिला, तशी टिकटिक सुरू झाली.

"आता नियमाने वागायचं," ती म्हणाली. "किल्ली आठवड्यातून एकदाच."

"आणि बाकीचे दिवस?"

तिने त्याचा हात हातात घेतला आणि त्यावरचा हातमोजा एकेक बोट सोडवत काढून टाकला.

"बाकीचे दिवस," ती म्हणाली, "नुसताच ये."