लाल डोळ्यांचा पुरावा

"हँडल गेलं! इंजिनाचं हँडल गेलं!"

बन्सी बोंबलतच वस्तीत शिरला. लिंबाखाली वही वाचत बसलेली मनकर्णा ताडकन उठली. मे महिन्याच्या सुट्टीत ती नगरहून मामाच्या वस्तीवर आली होती. साल त्र्याहत्तर, आणि दुष्काळ असा की विचारू नका! वस्तीची एकच विहीर, साठ हात खोल, तळाला जेमतेम पाणी. ते वर आणायला एक तेलावरचं इंजिन. इंजिनाला हँडल मारल्याशिवाय ते सुरू होत नाही, आणि ते सुरू झालं नाही तर पंचवीस घरं तहानलेली.

"अरे, पण गेलं म्हणजे कुठं गेलं?" तिनं विचारलं.

"चोरीला!" मामेभाऊ बन्सी धापा टाकत म्हणाला. "आनि चोर बी घावला म्हनं! गनीचाचा!"

मनकर्णाला पटेना. गनीभाई म्हणजे इंजिनाचे डॉक्टर. बिघाड झाला की नुसता कान लावून सांगत, अमुक ठिकाणी दुखतंय. पंधरा वर्षं वस्तीत राहिलेला माणूस, आणि त्यांची मुलगी शकिला तर या दोघांची मैत्रीण!

दोघं धावतच पारावर गेले. सगळी मोठी माणसं जमली होती. मधोमध गनीभाई मान खाली घालून उभे होते. त्यांचे डोळे लालभडक होऊन सुजले होते, उघडतसुद्धा नव्हते. शेजारी शकिला रडत होती.

ही वस्ती शिंगणापूरच्या बाजूची. तिथल्यासारखंच इथंही कुणाच्या घराला दार नाही, कडी नाही, कुलूप नाही. कुत्री शिरू नयेत म्हणून लोक चौकटीला एक लाकडी झाप नुसता टेकवून ठेवतात. जो चोरी करील त्याचे डोळे देव धरील, म्हणजे ते लाल होऊन मिटतील, अशी सगळ्यांची श्रद्धा.

सहादेवमामा, म्हणजे बन्सीचे वडील, खणखणीत आवाजात म्हणाले, "सरळ हाय गोष्ट. चोरी केली की देव डोळे धरतो, व्हय का न्हाई?"

"व्हय!" सगळे म्हणाले.

"काल रातीत हँडल गेलं. आज सकाळी गनीचे डोळे धरले. मग चोर कोन?"

सगळ्यांच्या नजरा गनीभाईंकडे वळल्या. किती बरोबर वाटत होतं ते! क्षणभर मनकर्णालाही पटलं, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

"सांजेपातुर हँडल आनून दे, न्हाईतर वस्ती सोड," मामा म्हणाले.

"सहादेवा, मी न्हाई नेलं रं," गनीभाई एवढंच म्हणाले.

शकिलाला घेऊन दोघं परत लिंबाखाली आले. मनकर्णा ती वही भराभर चाळू लागली. वही तिच्या रंगनाथदादाची होती. तो नगरला कॉलेजात तर्कशास्त्र शिकत होता, आणि सुट्टीत वाचायला दुसरं काही नाही म्हणून हिनं ती पिशवीत टाकली होती.

"सापडलं! ऐका. 'जिथे धूर तिथे विस्तव, हे खरे. म्हणून जिथे विस्तव तिथे धूर असलाच पाहिजे, असे नाही.'"

"म्हंजे?" बन्सीनं डोकं खाजवलं. "विस्तव म्हटला की धूर यायचाच की!"

"न्हाई येत!" शकिला डोळे पुसत एकदम म्हणाली. "चुलीतले निखारे! लालबुंद असत्यात, पन धूर कुटं असतो?"

"बरोब्बर!" मनकर्णा म्हणाली. "मामा काय म्हणाले? चोरी केली तर डोळे लाल होतात. हो, धरू या खरं! पण डोळे लाल झाले म्हणजे चोरीच केली, हे कुठून आलं? त्यांनी वाक्य उलटं फिरवलं, आणि कुणाच्या लक्षातच आलं नाही!"

"आईशप्पत!" बन्सी पुटपुटला. "पन डोळे दुसऱ्या कशानं लाल झालेत, हे दाखवाया नको?"

"मग जा! वस्तीत किती जणांचे डोळे लाल आहेत ते मोजून ये."

दारं नसलेल्या वस्तीत हे काम किती वेळाचं! झापावरून डोकवायचं, "काकू, काय चाललंय?" म्हणायचं आणि डोळे बघून पुढं जायचं. अर्ध्या तासात बन्सी उड्या मारत परत आला.

"सात! गनीचाचा धरून सात! आनि त्यात झुंबरबाईचं बाळ बी हाय, आठ महिन्यांचं!"

तिघांनी थेट पार गाठला. मामा अजून तिथंच होते. वस्तीतली सगळ्यांत म्हातारी बायडाआजीही टेकून बसली होती. मनकर्णानं सगळं सांगितलं आणि शेवटी विचारलं, "मामा, सातही जण चोर? त्या बाळाला अजून रांगता येत नाही. ते विहिरीवर गेलं आणि हँडल उचलून आलं?"

बायडाआजी बोळक्या तोंडानं खो खो हसली. "साथ आलीया डोळ्यांची! सहादेवा, पोरीनं तुजी बोलतीच बंद केली की रं!"

मामा वरमले, पण हटले नाहीत. "आसंल. पन मग हँडल कुटं हाय? मी काल सांजच्याला इंजिन बंद केलं, हँडल खोपीतल्या खुंटीला अडकवलं. सकाळी बघतो तर न्हाई!"

"तुम्ही अडकवलेलं तुम्हाला आठवतंय?"

"आठवाया कशाला पायजे? रोज तिथंच अडकवतो!"

"मामा," मनकर्णा हळूच म्हणाली, "रोज म्हणजे काल नव्हे. काल रोजच्यापेक्षा वेगळं काही झालं होतं का?"

मामा विचारात पडले. "इंजिन बंद करतो तोच वावटळ आली. लई मोठी. घराकडनं बन्सीची आई वरडली, का वैरनीच्या खोलीचा झाप उडाला. मी पळत आलो, झाप चौकटीला लावला आनि आडवी पहार घालून दाबून टाकला. मग सरकारी डेपोतनं कडब्याची गाडी आली. सगळ्या पेंढ्या त्याच्याच म्होरं रचल्या."

"पहार?" मागून आवाज आला. डोक्यावरचं पाटी-फावडं उतरवत बन्सीची आई, छबूमामी उभ्या होत्या. दुष्काळी कामावरून त्या आत्ताच परतत होत्या. "कंची पहार? आपली पहार तर शनवारपास्नं माज्याकडं नाल्याच्या कामावर हाय!"

"मग तू सकाळीच का न्हाई सांगितलं?" मामा चिडले.

"मला कुनी इचारलं?"

मनकर्णानं डोळे मिटले. पहार घरात नव्हती. पण झाप तर कशानं तरी दाबलेला होता. लांब, जड, लोखंडी, धावत येताना आधीपासूनच हातात असलेलं असं काय होतं? आणि काय आश्चर्य! मिटल्या डोळ्यांपुढं तिला ते लख्ख दिसलं. ती तिथं गेली नव्हती, कुणी तिला सांगितलं नव्हतं, तरी एकामागून एक पायरी चढत तिचं मन थेट त्या वस्तूपाशी जाऊन उभं राहिलं होतं. माणसाच्या डोक्यात एवढी ताकद असते?

शकिलानं तिचा हात घट्ट धरला. तिलाही दिसलं होतं!

"वैरणीची खोली!" दोघी एकदम ओरडल्या.

अख्खी वस्ती मागं धावली. बन्सीनं पेंढ्या भराभर ओढून फेकल्या. धुरळा उडाला. शेवटची पेंढी निघाली, आणि झापावर आडवं अडकवलेलं, तेलानं काळं झालेलं इंजिनाचं हँडल सगळ्यांना दिसलं!

बायडाआजीनं दोन्ही हात जोडले, पण देवाला की पोरांना, ते कळलं नाही.

मामा गनीभाईंपुढे गेले. "गनी, चुकलो. तुला वस्ती सोड म्हनालो. कसा म्हनालो रं मी?"

"आधी पानी काढू," गनीभाई म्हणाले. "बाया केव्हाच्या हंडे घिऊन बसल्यात."

डोळे उघडत नव्हते, तरी त्यांनी चाचपत इंजिनाला हँडल घातलं, कान जवळ नेला आणि दोन फेऱ्यांत इंजिन धडधडू लागलं. पाणी हौदात पडलं तेव्हा शकिला परत रडली, पण हसत हसत.

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बन्सी टाळ्या पिटत आला. "बाबांचे डोळे आले! टमाट्यासारखे लाल!"

हां हां म्हणता पारावर गर्दी जमली. मामा ओला फडका डोळ्यांवर धरून बसले होते.

"बघा!" एक जण म्हणाला. "हँडल ज्यानं नेलं, त्याचेच डोळे देवानं धरले!"

"व्हय, व्हय! आता खरा चोर घावला!"

शकिला खुदकन हसली. मनकर्णालासुद्धा मनातून गुदगुल्या झाल्या. बरी जिरली मामांची!

तेवढ्यात गनीभाई गर्दीतून वाट काढत पुढे आले. त्यांचे डोळे आज किलकिले उघडत होते, हातात गुलाबपाण्याची बाटली होती. त्यांनी मामांची हनुवटी वर केली आणि डोळ्यांत थेंब सोडले.

"चोर न्हाई त्यो. इसरला, एवढंच," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "आनि डोळे आलेत ते साथीनं. काल माझ्याबाबतीत जे खोटं हुतं, ते आज सहादेवाबाबतीत खरं कसं हुईल?"

मनकर्णाचं हसू ओठांवरच विरलं. अख्खी वही तिनं वाचली होती, काल तर वस्तीभर शहाणपण मिरवलं होतं, आणि आज तेच उलटं वाक्य तिला गोड लागलं होतं! ज्याच्यावर आळ आला, त्या माणसानं मात्र ते लगेच ओळखलं.

"चाचा," ती म्हणाली, "मी पण हसले. चुकलं माझं."

गनीभाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी, काल तू इचारलं नसतंस, तर आज मी ह्या पारावर नसतो."

बायडाआजी काठी टेकत उठली. तिनं तिन्ही पोरांच्या गालांवरून बोटं फिरवून कडाकडा मोडली. "ऐंशी पावसाळे बघितले गं मी," ती म्हणाली. "देवाचं नाव घिऊन बोलनाऱ्याला 'थांब, परत सांग' म्हननारी पोरं आजच बघितली. शाब्बास रं माज्या वाघांनो!"

मग तिनं गनीभाईंना जवळ बोलावलं आणि त्यांच्याही गालांवरून हात फिरवून बोटं मोडली.