चौथा गोटा

चौघं सुखरूप खाली आले.

हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. कारण वर तिघंच गेले होते.

हसायचं तर हसा, पण घडलं ते खरं आहे. मागच्या जानेवारीत, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, एटापल्लीच्या पलीकडे, नकाशात नाव नसलेल्या एका डोंगरावर. रात्र नव्हती, अमावास्या नव्हती. लख्ख ऊन होतं. असल्या गोष्टींनी निदान वेळेची तरी लाज राखावी...

ब्रह्मपुरीला मामाकडे राहून शिकणारा निकेश, त्याची मामेबहीण दिव्यानी, आणि पायथ्याच्या गावचे वाटाडे इसरूभाऊ. निकेशच्या पाठीवर अठरा किलोची सॅक. त्यात तंबू, स्टोव्ह आणि शिखरावर फोटोसाठी इस्त्रीचा शर्ट.

पायथ्याच्या सालईच्या झाडाखाली तिथली एक रीत होती. चढताना माणशी एक गोटा ठेवायचा, उतरल्यावर आपला आपण उचलायचा.

निकेशने दोन ठेवले.

"हा कोणाचा?" इसरूभाऊंनी विचारलं.

"सॅकचा, भाऊ. मानसाएवढी जड हाय, तिले काऊन सोडाचं?"

"हा घरी बी असाच करते," दिव्यानी म्हणाली.

इसरूभाऊ हसले नाहीत.

"बरं, उचलून घेऊ का?" निकेश म्हणाला.

"नाई. ज्याचा त्यानंच उचला लागते. एक बी गोटा राह्यला, त एक मानूस वरतच राह्यते."

"कोण?"

"ते डोंगरच ठरवते."

शिखर आलं. फोटो झाले. शर्ट झाला. सगळं ठीक.

उतरताना मात्र सॅक हलकी झाली...

आधी निकेशला बरंच वाटलं. मग त्याने ती उघडून पाहिली.

तंबू होता. स्टोव्ह होता.

वजन नव्हतं.

आणि मागे पाचोळा वाजला.

चर्र... चर्र...

तिघं थांबले. मागची पावलं आणखी दोनदा वाजली... मग थांबली. जड पावलं. अडखळणारी. अठरा किलोचं काहीतरी नुकतंच चालायला शिकावं, तशी.

"पळा!" दिव्यानी कुजबुजली.

"पळू नोका. मांगं पाहू नोका," इसरूभाऊ म्हणाले. "त्याले इथंच सोडलं, त चौथा गोटा कोण उचलन? आपल्यातला एक जाईन."

म्हणून ते हळू चालले. प्रत्येक वळणावर थांबून त्याची वाट पाहिली. एका निसरड्या उतारावर तर निकेशने, मागे न बघता, हात दिला...

कोणीतरी तो धरला.

हात गार नव्हता. कोमट होता. चढताना धरलेल्या काठीने निकेशच्या तळहाताला फोड आला होता. त्या हातालाही, तिथंच.

सालईखाली तिघांनी आपापला गोटा उचलला आणि पाठ फिरवली.

खट्.

वळून पाहिलं. जागा रिकामी.

जीपवाला म्हणाला, "चौघं हाय ना? सरकून बसा."

निकेश सरकला. वाद कोणी घातला नाही.

आता घरी सगळं सुरळीत आहे. फक्त दिव्यानीने "निकेश!" अशी हाक मारली की दोन खोल्यांतून 'ओ' येते...

तरी माननीय वनपरिक्षेत्र अधिकारी यांना नम्र विनंती की, वाहतूक परवान्याविना जंगलाबाहेर आलेला सदर वनोपज, एक नग, तातडीने ताब्यात घेऊन मूळ डोंगरावर सोडण्यात यावा. नेताना दोघांपैकी बरोबर तोच नेला जाईल याची दक्षता घ्यावी. ओळख पटवण्यासाठी कार्यालयातूनच माणूस पाठवावा. दिव्यानीला परवापासून खात्री वाटेनाशी झाली आहे.