उजवा रिकामा नाही

आमच्या विभागात हात वाढवतात. ज्याचा हात गेला, त्याच्याच पेशींपासून नवा. कोमट द्रावणाच्या काचपेटीत, चार महिन्यांत. ऐकायला थाटाचं वाटतं, पण माझं काम एवढंच, हात धरून बसायचं. वाढत्या हाताला रोज अर्धा तास माणसाची पकड लागते. नसा एकदा झोपल्या की उठत नाहीत. बायको विचारते, माझा हात शेवटचा कधी धरला होतात?

तेव्हा पेटीत माझ्या मेहुण्यांचा उजवा हात होता. मेहुणे सुतार, हात करवतीत गेल्यापासून दुकान बंद. त्यातच मी नऊ दिवस तापाने घरी पडलो. पण बिनघोर पडलो. हात धरायला विभागातल्या सिस्टर होत्या ना!

दहाव्या दिवशी सकाळी कामावर गेलो आणि त्यांचे आभार मानले. त्यांचा चेहराच उतरला.

"मी कुठे धरला? अहो, घरचा हात... मला वाटलं, तुम्ही कुणालातरी पाठवत असाल."

दोघंही पेटीकडे धावलो. झाकण उघडलं. गोडसर, ओलसर वास आला. बाही सारून मी हात आत घातला, तर ती बोटं माझ्या बोटांत अशी घट्ट अडकली की मलाच कळ आली.

"जिवंत आहे," मी म्हणालो.

"मग... धरला कुणी?" सिस्टर पुटपुटल्या.

आम्ही हे कुणालाच सांगितलं नाही. बहिणीच्या संसाराचा प्रश्न होता.

हात बसवला, छान बसला. महिन्याभराने बहिणीचा फोन आला. "दादा, जरा येऊन जा ना. हे सगळं डाव्यानेच करतात. गिऱ्हाइकं परत चाललीत."

दुपारी दुकानात गेलो. मेहुणे डाव्या हाताने रंधा ओढत होते आणि फळीची पार वाट लागत होती. उजवा हात बाकावर निवांत आडवा.

"भाऊजी, चार महिने खपून वाढवला, तो काय शोभेला?"

"चालतो हो, उत्तम चालतो," ते शांतपणे म्हणाले. "आत्ता रिकामा नाही, इतकंच."

मी हसलो. मग वाकून पाहिलं. बोटं अर्धवट मिटलेली होती. हाताच्या मागच्या बाजूला, कातडीवर... बोटांनी दाबल्यासारखे खळगे पडत होते. भरून येत होते. पुन्हा पडत होते.

मी ते मोजले. दोनदा मोजले.

एका हाताचे म्हणावेत, तर फार होते.