पाच बोटांची भानगड

"स्वच्छतागृहाला किती?"

"दहापैकी चार."

"चार? अगं, आत एवढे मोठे आरसे आहेत, सुगंधी साबण आहे, वर गाणी लागतात!"

"गाणी लागतात म्हणूनच एक गुण कापला. नाहीतर पाच दिले असते," असं म्हणून मिरचीने वहीत एवढ्या जोरात आकडा लिहिला की पेन्सिलीचं टोकच मोडलं.

मिरची हे तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. पण बारा वर्षांत तिने ते चांगलंच कमावलं होतं. तिच्याशी हुज्जत घालणारा तो तिचा मावसभाऊ. वय वर्षं तेरा, शाळेच्या संघाचा कप्तान, म्हणून घरीदारी सगळे त्याला कॅप्टनच म्हणत. त्याची धाकटी बहीण आगगाडी. एकदा बोलायला लागली की मधलं एकही स्टेशन घ्यायची नाही! आणि चौथा लिंबू, मिरचीचा सात वर्षांचा भाऊ. कुठल्याही खेळात त्याला लिंबूटिंबू म्हणून घेत, तेच नाव त्याला चिकटलं.

दोन बहिणींची दोन कुटुंबं सुट्टीत एकत्र आली होती. एकाच रस्त्यावर समोरासमोर दोन पार्क होते, एक तळ्याकाठी आणि एक टेकडीवर. तळ्याचा पार्क मिरचीच्या बाबांनी निवडलेला. तो काल झाला. आज टेकडीचा, कॅप्टनच्या बाबांच्या आवडीचा. उद्याच्या शेवटच्या दिवशी कुठे जायचं यावरून मिरची आणि कॅप्टन यांची अशी काही जुंपली, की मावशीने निकालच देऊन टाकला. "लिंबू म्हणेल तिथे जायचं. आता एक शब्द नको!"

मिरचीला वाटलं, मग काय, जिंकलोच! लिंबू तर आपलाच भाऊ.

पण अडचण अशी होती की टेकडीचा पार्क खरोखरच चांगला होता. काल तळ्यावरच्या होड्यांचे रंग उडालेले होते आणि दारावरचा माणूस जांभया देत होता. इथे सगळं कसं चकचकीत! शिवाय लिंबू सकाळपासून कॅप्टनच्या मागेमागे. कॅप्टनसारखी टोपी उलटी घालायची, कॅप्टनसारखं खिशात हात घालून चालायचं. काल रडताना मात्र हाच लिंबू मिरचीच्या कुशीत शिरला होता. आजचं हे कॅप्टनमागे फिरणं मिरचीला बघवत नव्हतं. सरळ सांगायचं तर तिचा जळफळाट होत होता.

काल लिंबू रडला, कारण तळ्याच्या पार्कात त्याला मोठ्या झोपाळ्यात घेतलं नव्हतं. तिथे दाराशी भिंतीवर लाकडी बदक होतं, पंख आडवा पसरलेलं. वर आकडा, एकशेवीस सेंटीमीटर. ज्याचं डोकं पंखाला लागेल तोच आत. लिंबू चार बोटं कमी पडला.

इथे 'वावटळ' नावाच्या खेळापाशी तसाच लाकडी ससा होता, हात पसरलेला. आकडाही तोच, एकशेवीस. लिंबू छाती पुढे काढून सशाखाली उभा राहिला, आणि काय आश्चर्य! डोकं सशाच्या हाताला लागलं, वर एक बोट जास्तच!

"मी मोठा झालो!" लिंबू किंचाळला. दारावरच्या मुलीने त्याच्या मनगटाला हिरवी पट्टी बांधली. लिंबूने धावत जाऊन मिठी मारली ती कॅप्टनला! "तुझा पार्क भारी! तळ्याच्या पार्कने मला बुटका केलं!"

"अरे, काल चार बोटं कमी होतास ना?" मिरची म्हणाली.

"आमच्या पार्कची हवाच तशी आहे!" कॅप्टनने डोळे मिचकावले.

मिरचीही सशाखाली उभी राहिली. काहीतरी खुसपट काढायचं म्हणूनच. सशाचा हात नेमका तिच्या काखेत शिरला, गुदगुल्या झाल्या, आणि रागावलेली असूनही ती खुदकन हसली. त्यामुळे तर ती जास्तच चिडली.

"मला नाही बसायचं तुमच्या वावटळीत. आगगाडी, तू चल माझ्याबरोबर."

"कुठे?"

"या पार्कातल्या चुका शोधायला!"

मुलांचे बाबा खाण्याच्या रांगेत होते. आई आणि मावशी बाकावर पिशव्या सांभाळत बसल्या होत्या. कॅप्टन आणि लिंबू वावटळीच्या रांगेत घुसले. रांग चांगली अर्ध्या तासाची होती.

मिरचीने अर्ध्या तासात काय काय टिपलं नाही! एका कचरापेटीचं झाकण लागत नाही. आइस्क्रीमवाला हसत नाही. कारंजं वाकडं आहे. "वाकडं नाहीये गं, तू मान वाकडी करून बघतेयस," आगगाडी म्हणाली. "आणि आइस्क्रीमवाल्याची दाढ दुखतेय, मी विचारलं त्याला, तो म्हणाला परवापासून, मग मी म्हटलं लवंग लावा, तर तो म्हणाला…"

"पुरे!" म्हणून मिरची धडकगाड्यांच्या दाराशी टेकली. तिथेही एक ससा होता. तसाच, एकशेवीसवाला. त्याचा हात तिच्या खांद्यावर आला, मैत्रीण असल्यासारखा.

मिरचीने तो हात झटकला. मग तिच्या कपाळाला आठी पडली. ती पुन्हा सशाखाली नीट उभी राहिली. हात खांद्यावरच.

"आगगाडी, काल बदकाचा पंख मला कुठे लागला होता?"

"खांद्याला! तू म्हणालीस ना, बदक मला शाबासकी देतंय म्हणून!"

"आणि मघाशी वावटळीपाशी?"

"काखेत! तू कसली हसलीस! आणि मग…" आगगाडी चक्क मधेच थांबली. "आकडा तर तिन्हीकडे एकच आहे!"

"म्हणजे तिथला ससा तरी खाली गेलाय, नाहीतर आपण तरी वर गेलोय. पळ!"

वावटळीच्या सशापाशी एक सजावटवाला शिडीवर चढून कागदी फुलं लावत होता. सशासमोरच्या जागेवर हिरवंगार खोटं गवत अंथरलेलं होतं. आगगाडीने गुडघ्यावर बसून त्याची कड उचलली. खाली कोऱ्या लाकडी फळ्या! मिरचीने बाजूला हात उभा धरून बघितलं. जमिनीपासून फळीपर्यंत पूर्ण पाच बोटं.

"ए, ए! हात लावू नका!" सजावटवाला वरून ओरडला. "सकाळीच बसवलाय तो चौथरा! मुलांचे फोटो छान यावेत म्हणून."

"आणि ससा? ससा पाच बोटं वर नाही का घेतला?"

"सशाला बोटही लावलं नाही मी!" तो अभिमानाने म्हणाला. "भिंतीत पक्का आहे तो. जिथे होता तिथेच आहे!"

लिंबू मोठा झालाच नव्हता. तो काल होता तेवढाच होता, आणि वावटळ त्याच्या मापाची नव्हती.

ती कठड्याकडे धावली. आत मधल्या खांबाभोवती वीस खुर्च्या लटकत होत्या. लिंबू आणि कॅप्टन शेजारी शेजारी बसलेही होते! खांद्यांवरून पुढे येणारे जाड दांडे एकेक करून खाली येत होते. खट्! लिंबूचा दांडा लागला आणि त्याच्या डोक्यावरचा दिवा हिरवा झाला.

"थांबवा! माझ्या भावाला उतरवा! तो लहान आहे!"

काचेच्या खोलीतून ऑपरेटरने मान बाहेर काढली. "हिरवी पट्टी आहे ना मनगटाला? मग झालं!"

"पट्टी चुकीची आहे! ससा चुकीचा आहे!"

रांगेतली माणसं हसायला लागली. आरडाओरडा ऐकून आई आणि मावशी धावत आल्या.

"काय चाललंय तुझं?" मावशीचा आवाज चढला. "सकाळपासून बघतेय मी, या पार्कातलं काहीच तुला बघवत नाही. लिंबू आनंदात आहे, तर तेही नाही! एवढा हेवा बरा नव्हे!"

"चल बाजूला," आई हळू आवाजात म्हणाली. तिला भर गर्दीत मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"ताई जळकी आहे!" आतून लिंबू ओरडला.

मिरचीचे डोळे भरून आले. खोटं कसं म्हणणार? सकाळपासून तिने दुसरं केलंच काय होतं! तिने कठडा दोन्ही हातांनी धरला.

"हो, जळते मी!" ती ओरडली. "मला तुमचा पार्क आवडत नाही, कारण तो आमच्यापेक्षा चांगला आहे! आणि लिंबू सारखा कॅप्टनच्या मागे असतो ते मला अजिबात आवडत नाही! ते सगळं खरं आहे. पण सशाखाली पाच बोटांचा चौथरा घातलाय, तेही खरं आहे! कॅप्टन, नुसता बघ रे! त्याचा दांडा बघ!"

कॅप्टन हसत होता. हसतहसतच त्याने हात लांबवला आणि लिंबूच्या खांद्यावर, दांड्याच्या खाली, बोटं सरकवली. बोटं गेली. मूठ गेली. मग मनगटही गेलं. कॅप्टनचं हसू मावळलं.

"काका, याला उतरवा. दांडा सैल आहे."

"दिवा हिरवा आहे! उगाच वेळ घालवू नका रे!" ऑपरेटर करवादला. "तुझा दांडा ओढ खाली, तेवढाच राहिलाय!"

अर्धा तास रांगेत उभं राहून कॅप्टनने एक गोष्ट हेरली होती. वीसच्या वीस दिवे हिरवे झाल्याशिवाय वावटळ जागची हलत नाही. एकोणीस झाले होते. विसावा त्याचा.

"ओढतोय काका, पण लागतच नाही!" असं म्हणत कॅप्टनने दोन्ही खांदे वर ताणले आणि दांडा खालून दाबून धरला.

"जोर लाव!"

"लावतोय!" हे मात्र अगदी खरं होतं. जोर लावून लावून त्याचा चेहरा टोमॅटोसारखा लाल झाला होता. फक्त जोर वरच्या दिशेने होता!

ऑपरेटरने बटण दाबलं. वावटळ ढिम्म. पुन्हा दाबलं. ढिम्म! रांगेतून शिट्ट्या सुरू झाल्या. शेवटी तो पाय आपटत खोलीबाहेर आला. "काय कटकट आहे! बघू तुझा दांडा!"

"आधी याचा बघा. मग माझा लगेच लागेल."

ऑपरेटरने वैतागून लिंबूच्या दांड्याखाली हात घातला. त्याचा अख्खा पंजा आत गेला. त्याच्या तोंडाचं पाणी पळालं. त्याने कुलूप उघडलं, लिंबूला उचलून खाली ठेवलं आणि कमरेच्या वायरलेसवर पार्कच्या इंजिनिअरबाईंना बोलावलं.

इंजिनिअरबाई आल्या त्या हाताला ग्रीस आणि खिशात टेप घेऊनच. त्यांनी फळीपासून सशाच्या हातापर्यंत टेप धरला.

"एकशेबारा!" त्या ओरडल्या. "इथे चौथरा कोणी घातला? मला कोणी विचारलं?"

"फोटो छान यावेत म्हणून…" सजावटवाला शिडीवरच पुटपुटला.

"पट्टी बांधणारीने फळ्या बघितल्या नाहीत. ऑपरेटरने दांडा बघितला नाही, नुसता दिवा बघितला. आणि मी सकाळी इथून दोनदा गेले, मलाही ते गवत छानच वाटलं!" त्यांनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात कपाळालाही ग्रीस लागलं. सकाळपासूनच्या चार फेऱ्यांत एवढं लहान कोणी बसलं नव्हतं, हे नशीब! वावटळ तिथल्या तिथे बंद झाली.

मग त्यांनी कॅप्टनची पाठ थोपटली. "शाब्बास! काय प्रसंगावधान आहे रे तुझं!" रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मावशीने त्याला जवळ घेतलं. आणि मिरचीला… होय, तेव्हासुद्धा मिरचीला टोचलंच! शोध कोणाचा, टाळ्या कोणाला!

"माझं काही नाही," कॅप्टनचे कान तापले होते. "शोध हिचा आहे. मी तर हिला हसत होतो."

"आणि गवत मी उचललं!" आगगाडीने लगेच गाडी सोडली. "आधी धडकगाड्यांचा ससा होता, त्याआधी आइस्क्रीमवाला, त्याची दाढ…"

इंजिनिअरबाई मिरचीसमोर खाली बसल्या. "एवढी मोठी माणसं फसली. तुला कसं दिसलं गं?"

"मी चुका शोधत होते," मिरची खाली बघत म्हणाली. "हा पार्क वाईट आहे असं मला ठरवायचं होतं."

बाई मोठ्याने हसल्या. "मग आमच्याकडे तुझ्यासारखं कोणीतरी रोज यायला हवं! आमचं कौतुक करणारे खूप आहेत. आमच्यावर जळून इतकं बारकाईने बघणारं कोणी नाही. उद्यापासून दार उघडण्याआधी मी प्रत्येक सशाखाली स्वतः टेप धरणार."

मावशीने मिरचीच्या डोक्यावर हात ठेवला. "चुकलं माझं. तुझा हेवाच दिसला मला, तू काय सांगतेयस ते ऐकूनच घेतलं नाही." आईने मिरचीला नुसतं घट्ट धरून ठेवलं, आणि मिरचीलाही सुटायची घाई नव्हती.

एवढ्यात लिंबूच्या रडण्याचा मोठा भोंगा वाजला. दारावरच्या मुलीने त्याच्या मनगटावरची हिरवी पट्टी कापली होती!

"माझी पट्टी! मी मोठा झालो होतो! ताईने मला परत बुटकं केलं!" लिंबूने जमिनीवर पाय आपटले. "उद्या कुठल्याच पार्कात नाही जायचं! आणि ताईशी कट्टी! कायमची कट्टी!"

त्याने धावत जाऊन कॅप्टनच्या पोटात तोंड खुपसलं. बिचारा कॅप्टन ओशाळला. "अरे, ताईने वाचवलं ना तुला! जा बरं तिच्याकडे."

"नाही जाणार! मला नको वाचवायला!"

मिरची बघत राहिली. तोच लिंबू, तोच कॅप्टन, तीच मिठी. छातीत दुखलंसुद्धा अगदी सकाळसारखंच, जराही कमी नाही. पण लिंबू रडत होता, नाक ओढत होता, आणि पायाने धूळ उडवत जमिनीवर धडधाकट उभा होता.

"राहू दे रे," ती कॅप्टनला म्हणाली. "कट्टी तर कट्टी. तू फक्त घट्ट धर त्याला."