कॅलेंडरमधली गाळलेली तारीख

हे घडलंय. पटत नसेल तर वाचू नका, मी शपथा घेत बसणार नाही.

वजदी माझ्या बायकोचा मावसभाऊ. ट्युनिशियातलं स्फाक्स शहर, मे महिन्यातला शुक्रवार, भर दुपार.

वजदी आणि त्याचे सोबती सॉफ्टवेअरचे तयार भाग बनवतात. कुणी बटण, कुणी तक्ता, कुणी कॅलेंडर. सगळं फुकट, ज्याला हवं त्याने उचलावं. बदल्यात मिळतं एकच... नव्या सोयींच्या यादीत नाव.

त्यांच्यात रिवाज आहे. दुसऱ्याचं अर्धवट काम पुरं केलं, तर सुरू करणाऱ्याचं नाव वर, आपलं खाली. ती ओळ काम पुरं करणाऱ्यानेच लिहायची, दुसऱ्या कुणी नाही.

कॅलेंडर त्यांच्यातल्याच लस्सादने सुरू केलं होतं. चौदा मार्चला तो मोटारसायकलच्या अपघातात गेला. वजदीने ते पुरं केलं आणि लस्सादचं नाव उडवलं.

त्यांच्यातली वडीलधारी रफीका फोनवर कडाडली, "मेलेल्याचं नाव खोडतोस? लाज विकून खाल्लीस का रे?"

"जिवंत होता तेव्हा त्याचेच गोडवे! मेल्यावरही त्याचेच! मग मी काय इथे खुर्च्या पुसायला बसलोय?"

वजदीने फोन आपटला. बाकीचे नमाजाला गेले होते. कचेरीत तो एकटाच.

टक... टक टक...

लस्सादच्या टेबलावरून. तो असाच टाइप करायचा, दोन बोटांनी.

टेबल रिकामं होतं. कीबोर्ड तर त्याच्या आईने कधीच घरी नेला होता.

तेवढ्यात तक्रारी यायला लागल्या. बैरूतहून, ओरानहून. "मार्चमध्ये तेरानंतर थेट पंधरा. चौदा कुठंय?"

वजदीने उघडून पाहिलं.

चौदाच्या जागी... नुसती पांढरी चौकट.

त्याने ओळ न् ओळ तपासली. चूक कुठेच नाही. पाठीमागे टक टक चालूच.

घामाने निथळत त्याने यादीत लस्सादचं नाव घातलं.

आपल्या नावाच्या खाली. वर घालायला हात धजेना... नाही, हात तयार होता. मन जळत होतं.

आवाज थांबला. चौदा तारीख परत आली.

पण जूनमधली नऊ तारीख गेली.

"अरे करंट्या, त्याचं नाव वर घाल!" रफीका पुन्हा फोनवर, रडकुंडीला आलेली. "एका ओळीचं काम आहे!"

"नाही घालणार. कॅलेंडर मी पुरं केलंय."

आज सहा जून. नऊला तीन दिवस उरलेत. बायकोला मी यातलं काही सांगितलेलं नाही. मघाशी पुन्हा यादी उघडून पाहिली.

वर अजून वजदीचंच नाव आहे.