रद्द करायचा राहिलेला रीबूट

कपाट उघडलं, तर नेटवर्क स्विचच्या डोक्यावर जेवणाचा डबा!

"माझा आहे," मागून आवाज आला. "तिथे छान गरम राहतो."

पांढरा कोट, विस्कटलेले केस, हातात माश्यांनी भरलेली काचेची नळी. या मजल्यावरच्या संशोधकाला सगळे माशीवाला म्हणतात, हे मी ऐकलं होतं. तो असा हसतो, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

"या स्विचवर पूर्ण मजल्याचं नेटवर्क चालतं," मी शक्य तितकं कडक म्हणाले.

"अरेच्चा! मी शेगडी समजत होतो."

मी लॅपटॉप जोडला. प्रयोगशाळेतली यंत्रं वेगळ्या व्हीलॅनमध्ये टाकायची होती, म्हणजे एकाच स्विचमध्ये न दिसणारी भिंत घालायची. अशा कामाआधी आम्ही नेटवर्कवाले स्विचला सांगून ठेवतो – दहा मिनिटांनी आपोआप रीबूट हो, म्हणजे बंद होऊन पुन्हा चालू हो. काही चुकलं, तर जुनी मांडणी परत येते. नीट झालं, तर रीबूट रद्द करायचा.

सगळं नीट झालं. मी रद्द करणार, तेवढ्यात तो म्हणाला, "माशी प्रेमात पडली की काय करते, माहितेय?"

"काय?"

"नर एक पंख पसरतो आणि थरथरवतो. ते त्याचं गाणं."

"आणि मादीला नाही आवडलं तर?"

"लाथ मारते."

"मग?"

"मग काय… पुन्हा गातो बिचारा." त्यानं एक हात पसरून थरथरवून दाखवला. मला हसू आवरेना. मग घड्याळ बघून तो दचकला. "चला, निवड समितीशी व्हिडिओवर बोलायचंय. फेलोशिप मिळाली तर इथे राहीन. नाही तर…"

"ऑल द बेस्ट," मी म्हणाले, आणि काचेच्या दारातून त्याच्याकडे बघत राहिले.

अचानक कपाटात पंखा घोंघावला. स्विचचे सगळे हिरवे दिवे विझले.

मी घड्याळ पाहिलं – दहा मिनिटं झाली होती. काचेपलीकडे तो अजून बोलत होता… पडद्यावर थिजलेल्या चेहऱ्यांशी. मग थांबला. स्विच पुन्हा उठेपर्यंत मी तिथेच उभी होते. पळून जायचीसुद्धा लाज वाटत होती.

तो बाहेर आला. "पुन्हा जोडलं गेलं, तर वेळ संपली म्हणाले."

"चूक माझी आहे. रीबूट रद्द करायला विसरले. समितीचा ईमेल द्या, मी आत्ता लिहिते."

त्याच्यासमोरच लिहिलं, पाठवलं. तो वाचत होता.

"विसरलात, एवढंच लिहिलंत. का विसरलात?"

"निष्काळजीपणा."

"ते कारण नाही, ती शिवी झाली. खरं कारण?"

माझे कान तापले. "तुम्ही हात थरथरवत होतात – तेव्हा मी पडद्याकडे बघायला हवं होतं. मी… तुमच्याकडे बघत होते."

त्यानं ते पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. त्यापेक्षा ओरडला असता तर बरं झालं असतं.

लॅपटॉप वाजला. समितीचं उत्तर – उद्या सकाळी पुन्हा बोलू.

त्यानं मोठा श्वास सोडला. "उद्या माझं बोलणं होईपर्यंत या मजल्यावर पाऊल ठेवायचं नाही."

"नाही ठेवणार," मी वायर गुंडाळत पुटपुटले.

"बोलून झालं की मीच खाली तुमच्याकडे येतो. निवडलं तरी, नाही निवडलं तरी."

मी मान वर केली नाही. इतकं सगळं करून वर हसतेय, हे त्याला दिसलं असतं.