पट्टीवर माझा फोटो नाही

आचाओ या बेटावरच्या गावाच्या चौकात पाऊस तिरका पडत होता. यास्ना फोटो स्टुडिओतल्या शेगडीत लाकूड सरकवत होती, तेवढ्यात दार ढकलून एक उंच माणूस आत आला. केसांतून पाणी ठिबकत होतं, स्वेटरला लाकडाचा भुसा चिकटला होता. काखेतली पिशवी त्याने काउंटरवर रिकामी केली — एक हिरवा टूथब्रश, निळ्या काठाचा पत्र्याचा कप आणि एक लहानसा रबरी बूट. एकच. डाव्या पायाचा.

"यांचे फोटो हवेत," तो म्हणाला.

यास्नाने आधी बुटाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "पासपोर्टसाठी की ओळखपत्रासाठी?"

तो हसला नाही, पण त्याच्या डोळ्यांच्या कडा किंचित हलल्या. "बूट कुठे परदेशी जायचा नाही. ब्रशचं... सांगता येत नाही."

त्याचं नाव एलीसेओ. किनाऱ्यावर होड्या बांधायचं काम करायचा. त्याची मुलगी रोमिना सहा वर्षांची होती आणि तिला ऑटिझम होता. बोललेले शब्द तिच्यापाशी टिकत नसत, पाहिलेलं मात्र पक्कं राहायचं, असं तो थांबत थांबत सांगू लागला. म्हणून शाळेतल्या ग्लाडिस बाईंनी दिवसभराच्या कामांची छापील चित्रं दिली होती. एकाखाली एक लावायची — दात घास, बूट घाल, खा, शाळेत जा. झालं की ते चित्र काढून डब्यात टाकायचं. पण चित्रातला ब्रश लाल होता. रोमिना तो लाल ब्रश शोधत घरभर फिरली, आणि सापडेना तेव्हा दुपारपर्यंत रडली.

"तिला वाटलं असणार, हा दुसऱ्याच कुणाचा तरी ब्रश आहे," तो म्हणाला. "आणि तिचं काही चुकलं नव्हतं."

चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या विधीला नटून आलेली मुलं बसवायच्या मखमली स्टुलावर यास्नाने बूट ठेवला, मागे पांढरा पडदा सोडला, आणि अगदी गंभीरपणे म्हणाली, "हनुवटी जरा वर. आता हलू नका हं."

आता मात्र तो हसला. खोल, दबक्या आवाजात, बरेच दिवस हसायची सवय मोडलेला माणूस हसतो तसा.

जाताना दारात थबकला. बाकीच्या गोष्टी काही पिशवीत मावायच्या नाहीत, म्हणाला. चूल आहे, न्हाणीघर आहे, शाळेचं फाटक आहे...

"म्हणजे मी यायचं."

"म्हणजे... तुम्ही यायचं," तो बुटाकडे बघत म्हणाला.

यास्ना आचाओची नव्हती. ओनोफ्रेमामाच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. मामा हिवाळाभर मुलाकडे राहणार होता आणि तोवर त्याचा स्टुडिओ सांभाळायला ती समुद्रापलीकडच्या पुएर्तो मोंत शहरातून आली होती. तिकडे तिची खोली होती, वसंतात लग्नांचे फोटो काढायचं काम ठरलेलं होतं. इथे पाऊस, मेंढ्या आणि मामाचा जुना कॅमेरा. हिवाळा कसाबसा ढकलायचा, एवढंच तिने ठरवलं होतं.

रविवारी ती त्याच्या घरी गेली. लाकडी फळ्यांचं घर, मागे अर्धी बांधलेली होडी. रोमिना टेबलापाशी उभी राहून वाटाणे रांगेत लावत होती. यास्ना उत्साहाने खाली वाकली आणि बोलतच सुटली — किती छान केस, मी तुझा ब्रश पाहिलाय बरं का, आपण खूप फोटो काढूया... रोमिनाने दोन्ही कानांवर हात ठेवले आणि ती टेबलाखाली गेली.

यास्नाचा चेहरा उतरला. एलीसेओने तिच्यासमोर 'माते' या कडवट पानांच्या चहाचा पेला ठेवला. "थोडं कमी बोललात तरी चालेल," तो हळूच म्हणाला. "मी मनावर घेणार नाही."

मग ती गप्प राहिली. तिच्यासाठी ही काही लहान गोष्ट नव्हती. न बोलता तिने चुलीचा फोटो काढला, टॉवेलचा काढला, चमच्याचा काढला. बऱ्याच वेळाने टेबलाखालून एक छोटा हात बाहेर आला आणि लेन्सचं झाकण घेऊन परत आत गेला. यास्नाने ते मागितलं नाही. संध्याकाळी ती झाकणाशिवायच घरी गेली, आणि वाटेत आपण गुणगुणतोय हे तिच्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं.

एलीसेओने होडीच्या उरलेल्या फळीची पट्टी तासली, फोटोंच्या मागे चिकटपट्टी लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी रोमिनाने पट्टीवरून बुटाचा फोटो काढून हातात घेतला, बुटापर्यंत चालत गेली, दोन्ही एकमेकांशेजारी धरून पाहिले... आणि बूट घातला. रडारड नाही, ओढाताण नाही. एलीसेओ तसाच भुसा अंगावर घेऊन स्टुडिओत धावत आला आणि काय सांगायचं ते विसरला. "घातला," एवढंच म्हणाला. यास्नाला सगळं कळलं.

त्याच्या पुढच्या दिवशी रोमिनाने अख्खी पट्टी चुलीत टाकली.

फोटो पुन्हा छापावे लागले. मग चमचा धूसर आलाय असं एलीसेओच्या लक्षात आलं. मग टॉवेल बदलला. मग दर दोन-तीन दिवसांनी काही ना काही निघू लागलं.

"चमचा नीट दिसत नाहीये," तो एकदा म्हणाला.

यास्नाने फोटो उजेडात धरला. "चमचा तर स्वच्छ दिसतोय. तुम्ही नक्की चमच्याकडेच बघताय ना?"

त्याचे कान लाल झाले. तिला ते फार आवडलं.

शाळेच्या फाटकाच्या बाबतीत मात्र तिने घोळ घातला. चांगल्या उजेडासाठी ती दोन आठवडे थांबली. अखेर एका रविवारी ऊन पडलं आणि तिने असा फोटो काढला की दुकानाच्या काचेत लावावा. सोमवारी रोमिना फाटकापाशी पोचली, हातातला फोटो पाहिला, समोर पाहिलं आणि थांबली. फोटोत फाटक बंद होतं, समोर उघडं. शेवटी तिने पुढे होऊन फाटक लोटायला सुरुवात केली. मागे दप्तरं घेतलेली पोरं पावसात ताटकळत उभी. फाटक बंद होईना आणि रोमिना आत जाईना. शेवटी एलीसेओने तिला उचलून घरी नेलं.

"फोटो सुंदर आला होता," यास्ना पडेल आवाजात म्हणाली.

"सुंदर होता," तो म्हणाला. "बंद होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऐन शाळेच्या वेळेला, ती भर पावसात फाटकासमोर उभी राहिली. एलीसेओ छत्री घेऊन आला आणि छत्री कॅमेऱ्यावर धरली. तिच्या मानेवरून पाणी आत ओघळत होतं.

"आणि मी?" तिने विचारलं.

"कॅमेरा मामांचा आहे. तुम्ही... वाळाल."

पण हळूहळू छत्री सरकत सरकत तिच्या डोक्यावर आली, आणि त्याचा सगळा खांदा भिजला. तिने मान वळवली नाही, फक्त फोटो काढायला जरा जास्त वेळ लावला. चिखल, गर्दी, कुणाच्या तरी दप्तराचा कोपरा — इतका वाईट फोटो तिने आयुष्यात काढला नव्हता. पण पुढच्या सकाळी तो हातात धरून रोमिना सरळ वर्गात गेली. ग्लाडिस बाईंनी खिडकीतून हात हलवला तेव्हा एलीसेओ म्हणाला, "बघितलंस?" आणि मग दोघंही त्या 'तू'पाशी अडखळले. मागे घ्यायला कुणीच तयार नव्हतं.

हिवाळा असा सरला. रविवारी मिल्काओ, म्हणजे बटाट्याचे जाड वडे तळायचे, बटाट्याच्या पिठाने हात पांढरे व्हायचे, रोमिना यास्नाच्या शेजारी बसायची. अगदी चिकटून नाही, पण स्वेटरच्या बाहीचं टोक बोटांत धरून. एकदा मिल्काओ खाता खाता यास्नाचं लक्ष भिंतीवरच्या दुसऱ्या पट्टीकडे गेलं. ती माणसांची पट्टी. पापा, ग्लाडिस बाई, बसचा चालक, शेजारची म्हातारी... शेजारच्या म्हातारीची मेंढीसुद्धा.

"मेंढी आहे," ती हसत म्हणाली. "पट्टीवर माझा फोटो नाही."

एलीसेओने हातातलं ताट खाली ठेवलं आणि तो सांगू लागला. रोमिनाची आई दूर पुन्ता आरेनास शहरात निघून गेली तेव्हा पोर जेमतेम तीन वर्षांची होती. सांगायला जीभ रेटली नाही म्हणून आई पहाटे न सांगता गेली. घरात तिचा एक फोटो होता. रोमिना रोज तो घेऊन दाराशी जाऊन बसायची. कित्येक महिने.

"भिंतीवरून फोटो काढता येतो," तो म्हणाला. "तिच्या डोक्यातून कसा काढू? जाणारी माणसं मी पट्टीवर लावत नाही, यास्ना. तू वसंतात जाणार आहेस. पहिल्या दिवशीच सांगितलं होतंस."

ते खरं होतं, म्हणूनच फार लागलं. ती काही तरी काम सांगून उठली आणि नंतरचे दोन रविवार तिकडे फिरकली नाही.

मामा परत आला, काठी टेकत स्टुडिओभर फिरला. गेलो तेव्हा या दुकानात नवऱ्यामुली होत्या, आता नुसते चमचे आणि मोजे, म्हणून त्याने तिला चिडवलं. ती हसेना तेव्हा त्याने तिच्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "पोरी, त्या सुताराला तू जातेयस हे सांगितलंस का?"

"त्याला माहीत आहे."

"आणि त्याच्या लेकीला?"

यास्नाने कॅमेरा जवळ ओढला.

दुपारी ती कॅमेरा घेऊन बाहेर पडली. बसचा फोटो काढला, आत प्रवासी चढत असताना, दार उघडं. धक्क्यावर जाऊन फेरीबोटीचा काढला. पुएर्तो मोंतच्या खोलीचा एक जुना फोटो तिच्याकडे होता. मामाने तिचा काढला — भिजलेला कोट, हातात सामानाची पेटी. हे सगळं तिने काउंटरवर एकाखाली एक मांडलं. यास्ना, बस, बोट, खोली. रोमिनाला आधी कळायला हवं होतं. तिच्या आईने केलं तसं ती करणार नव्हती.

पण मांडल्यावर ती तशीच बघत राहिली. रोमिना नेहमी आधी पट्टीच्या तळाशी बघायची, शेवटी काय आहे ते. ग्लाडिस बाई म्हणायच्या, मधेच काही तोडू नका, त्यानंतर काय ते तिला दिसू द्या. आणि खोलीनंतर काय, हे यास्नालाच सुचत नव्हतं. रिकामी खोली, परक्यांची लग्नं... तिने पुन्हा बोटीचा फोटो छापला आणि खोलीखाली ठेवला. त्याखाली पुन्हा बस. मग कितीतरी वेळ ती आपल्याच हातांकडे बघत बसली.

एलीसेओ होडीला रंग देत होता. ती तशीच त्याच्यापुढे उभी राहिली आणि एका दमात बोलली. खोली सोडायची आहे, लग्नांचं काम देणाऱ्यांना जमणार नाही म्हणून कळवायचं आहे, सामान आणायचं आहे, त्याला थोडे दिवस लागतील. हे सगळं या फोटोंत आहे. तिने ते त्याच्या हातात दिले.

तो एकेक फोटो बघत गेला. "आणि नाही आलीस तर?"

"तर तू मला जन्मभर शिव्या दे. पण मला तिला सांगून जाऊ दे, एलीसेओ. ज्याला परत यायचंय त्याने सांगून जावं."

समुद्रावरून वारा आला. त्याने शेवटच्या बसच्या फोटोवर अंगठा ठेवला. "आणि यानंतर काय?"

"त्याचा फोटो माझ्याकडे नाही," ती म्हणाली. "ते तू सांगायचं."

त्याने हात पुसले, तो घरात गेला, आणि तिच्या देखत ते सगळे फोटो रोमिनाच्या उंचीवर भिंतीला लावले. रोमिना आली, हाताचं बोट तळाच्या फोटोपाशी नेलं, मग वर, मग परत तळाशी. यास्नाकडे पाहिलंही नाही. वाटाण्यांकडे परत गेली.

यास्ना सामान घेऊन परतली त्या संध्याकाळी चौकात पाऊस होताच. बसच्या काचेतून तिला दोघं दिसले, एक उंच, एक ठेंगणी. ती उतरली. रोमिना धावत आली नाही, मिठी मारली नाही. तिने बस नीट पाहिली, हातातला बसचा फोटो पाहिला, आणि तो पापाच्या खिशात टाकला. झालं. मग यास्नाच्या बाहीचं टोक पकडून घराकडे ओढायला लागली, कारण आता जेवायची वेळ होती.

एलीसेओने पेटी उचलली. दाढी करताना त्याने दोन ठिकाणी कापून घेतलं होतं.

"यानंतर काय, ते मी सांगायचं ठरलं होतं," तो म्हणाला. "रोज पाठ करत होतो. आता आठवत नाहीये... यास्ना, मला तू हवी आहेस. मला. रोमिनाचं ती बघून घेईल. राहशील?"

तिने चेहऱ्यावरचं पाणी पुसलं. सगळं पावसाचंच होतं असं नाही.

"पाऊस थांबेपर्यंत राहीन," ती म्हणाली.

तो गोंधळला. "इथला पाऊस थांबत नाही."

"मला माहीत आहे."

रोमिनाने बाही आणखी जोरात ओढली, आणि ती दोघं तिच्यामागून निघाली.